निप्पोनची कपबशी

वाटणी झाली कीं आपल्याकडे प्रथम तांब्यापितळेचीं भांडीं मोजलीं जातात, मग दागिने तोलले जातात, आणि सारें आटोपल्यावर कोणाच्या तरी लक्षांत येतें कीं फडताळाच्या वरच्या फळीवर चहाचा एक संच अजून राहिलाच आहे. १९७२ सालीं आमच्या वाड्यांतील तीन चुली वेगळ्या झाल्या, तेव्हां असेंच घडलें. पणजोबांनीं मुंबईहून आणलेला हा संच घरांत ‘विलायती संच’ या नांवानें ओळखला जाई. सहा कपबशा, एक किटली, एक साखरदाणी आणि दुधाचें एक लहान भांडें. तिघां भावांना दोन दोन कपबशा मिळाल्या. साखरदाणी आमच्या वडिलांकडे, दुधाचें भांडें मधल्या काकांकडे आणि किटली धाकट्या काकांकडे गेली. न्याय चोख झाला. संच मात्र नाहींसा झाला. किटलीवरून थोडी बोलाचालीही झाली, आणि तेव्हांपासून धाकट्या काकांच्या घरीं आमचें जाणेंयेणें लग्नमुंजीपुरतें उरलें.

दोन वर्षांपूर्वीं घर रंगवावयास काढलें, त्या वेळीं आमच्या वांट्याच्या त्या दोन कपबशा पुन्हा हातीं आल्या. पांढऱ्या शुभ्र अंगावर गुलाबाचीं फुलें, आणि कांठाला सोनेरी वेल. आजपर्यंत त्या शंभर वेळां पाहिल्या असतील. पण उलट्या करून पाहण्याची बुद्धि कोणालाच झाली नव्हती. एका बशीच्या पाठीवर हिरव्या रंगांत पानांचें वर्तुळ, त्याच्या मध्यभागीं ‘एम्’ हें अक्षर, आणि सभोंवार इंग्रजींत ‘हातानें रंगविलेलें’ व ‘निप्पोन’ असे शब्द होते. दुसरीच्या पाठीवर वर्तुळ नाहीं, वेल नाहीं. लाल अक्षरांत नुसतें ‘मेड इन जपान’. म्हणजे विलायतेचा या संचाशीं कांहीं एक संबंध नव्हता. आणि एकाच संचांतल्या म्हणून वाटून घेतलेल्या या दोन कपबशा एका कारखान्याच्या तर नव्हत्याच, पण एका काळाच्याही नव्हत्या. या दुसऱ्या गोष्टीनें मला स्वस्थ बसूं दिलें नाहीं.

‘निप्पोन’ या एका शब्दांत तारीख दडलेली आहे. १८९० च्या ऑक्टोबरांत अमेरिकेंत मॅक्‌किन्ले याच्या नांवानें ओळखला जाणारा जकातीचा कायदा मंजूर झाला, आणि त्याअन्वयें १८९१ च्या मार्चपासून परदेशी मालावर मूळ देशाचें नांव इंग्रजींत घालणें आवश्यक ठरलें. जपानी व्यापाऱ्यांनीं आपल्या देशाचें आपल्याच भाषेंतील नांव रोमन अक्षरांत लिहिलें. तीस वर्षें तें खपून गेलें. पुढें १९२१ मध्यें अमेरिकेच्या जकात खात्यानें निर्णय दिला कीं, ‘निप्पोन’ हा जपानी शब्द आहे, इंग्रजी नव्हे. यापुढें ‘जपान’ असेंच लिहिलें पाहिजे. त्यामुळें ज्या भांड्यावर ‘निप्पोन’ आहे तें साधारणतः १८९१ ते १९२१ या तीस वर्षांतलें, आणि ‘जपान’ किंवा ‘मेड इन जपान’ आहे तें बहुधा त्यानंतरचें. पानांच्या वर्तुळांतील ‘एम्’ची मुद्रा तर १९११ च्या सुमारास प्रचारांत आली, तेव्हां आमची पहिली कपबशी दहा वर्षांच्या चिमट्यांत सांपडली. गंमत अशी कीं, हा कायदा ज्या महिन्यांत झाला त्याच १८९० च्या ऑक्टोबरांत आपल्याकडे पुण्यास पंच हौद मिशनमधल्या चहाचें प्रकरण घडलें, आणि टिळक-रानड्यांसारख्यांनाही त्यापायीं प्रायश्चित्त घ्यावें लागलें. तिकडे पेल्याच्या पाठीवर काय लिहावें याचा खल, आणि इकडे पेला ओठांना लावावा कीं लावूं नये याचा.

वर्तुळांतला ‘एम्’ हा मोरीमुरा या घराण्याचा. सहावे इचिझाएमोन मोरीमुरा आणि त्यांचे धाकटे बंधु यांनीं १८७६ सालीं तोकियोस व्यापारी पेढी काढली. धाकटे बंधु त्याच वर्षीं न्यूयॉर्कला गेले आणि तेथें जपानी वस्तूंचें दुकान चालवूं लागले. थोरला घरीं माल गोळा करी, धाकटा सातासमुद्रांपार विकी. १८८९ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनांत युरोपांतील निर्मळ पांढरीं भांडीं पाहून असेंच भांडें जपानांत झालें पाहिजे, असें या मंडळींच्या मनानें घेतलें. त्यांतून १९०४ मध्यें नागोया शहराजवळ नोरीताके नांवाच्या खेड्यांत कारखाना उभा राहिला, आणि आज जगांत प्रसिद्ध असलेलें नांव त्या खेड्याचें आहे. सुंदर पेले, फुलदाण्या, साखरदाण्या त्यांना लौकर साधल्या. परंतु पंचवीस सेंटिमीटर रुंदीची जेवणाची साधी सपाट बशी हवी तशी उतरावयास १९१३ साल उजाडलें, आणि जेवणाचा पहिला पुरा संच १९१४ मध्यें बाहेर पडला. नक्षीनें नटलेली फुलदाणी करणें एक वेळ सोपें. कोऱ्या, रुंद, सपाट बशींत दोष लपवावयास जागाच नसते.

चित्रांचे नमुने बरेचसे न्यूयॉर्कच्या कचेरींत तयार होत. तेथील जपानी चित्रकार गिऱ्हाइकांची आवड पाहून जलरंगांत नमुने काढीत व ते नागोयाला धाडीत. त्यामुळें या भांड्यांवर फुजी पर्वत क्वचित् दिसतो; दिसतात ते युरोपी बागेंतले गुलाब, तळ्यांतले राजहंस, हॉलंडच्या पवनचक्क्या आणि वाळवंटांत उंटावर बसलेले अरब. नागोयाच्या एखाद्या कारागिरानें उंट कशाला पाहिला असेल? परंतु उंटाच्या मानेची वळणदार रेषा त्यानें अशी काढलेली असते कीं, शंका घेण्याचें धाडस होत नाहीं. हे चित्रकार आपलें नांव बहुधा लिहीत नसत. पेढीची मुद्रा पाठीवर, हात अनाम.

चिनी मातीच्या भांड्यावर रंग चढविणें म्हणजे काय, हें समजलें कीं जुन्या भांड्याकडे पाहण्याची दृष्टि पालटते. केओलीन नांवाची पांढरी माती व फेल्डस्पार जातीच्या दगडाची पूड यांचें भांडें घडवून, झिलई देऊन तें तेराशें अंश किंवा त्याहूनही अधिक उष्णतेंत भाजतात. तेव्हां तें इतकें घट्ट होतें कीं पाणी शिरत नाहीं आणि उजेड मात्र आरपार झिरपतो. चित्र निघतें तें त्यानंतर, त्या गुळगुळीत झिलईवर. रंग म्हणजे धातूंचीं भस्में व कांचेची पूड. तीं तेलांत कालवून कुंचल्यानें लावावयाचीं. लावतांना रंग दिसतो एक, आणि सुमारें आठशें अंशांच्या दुसऱ्या भट्टींतून निघतो तो दुसराच. चित्रकारानें तो मनांत पाहूनच काम करावयाचें. तांबडा रंग लोखंडाचा, निळा कोबाल्टचा. आणि नाजूक गुलाबी रंगाला तर सोन्याचा अंश लागतो. प्रत्येक रंगाला सारखी आंच मानवत नाहीं, म्हणून एका पेल्याला अनेक वेळां भट्टी दाखवावी लागते, आणि प्रत्येक वेळीं तो तडकण्याचें भय. कांठाचें सोनें बहुधा सर्वांत शेवटीं चढतें. उंची सोनें भट्टींतून निस्तेज बाहेर येतें आणि मग तें घासून घासून उजळावें लागतें. कांहीं भांड्यांवर पातळ मातीच्या कालवणाचे थेंब व रेषा सोडून उठावाची नक्षी केलेली असते. तिला मोरियागे म्हणतात. आपल्या बायका मेंदीचा कोन धरतात त्याची आठवण ती नक्षी पाहून होते. बोट फिरविलें तर दाणा लागला पाहिजे.

आतां आमच्या दोन कपबशांकडे येऊं. दहा पटींचें भिंग घेऊन मी खिडकीशीं बसलों. ‘निप्पोन’च्या बशीवर पांच गुलाब आहेत आणि पांचही निराळे आहेत. एकाची बाहेरची पाकळी जरा ओघळली आहे. दुसऱ्याच्या देंठाशीं कुंचला टेंकून थांबला, तेथें रंगाचा बारीकसा उंचवटा राहिला आहे. पाकळीवरचा उजेड पांढरा रंग लावून आणलेला नाहीं. ओला गुलाबी रंग कोरड्या कुंचल्यानें पुसून खालची झिलई उघडी ठेवली आहे. सोनेरी वेल कांठाभोंवतीं फिरून जेथें पुन्हा सुरुवातीला मिळतो, तेथें शेवटचें पान थोडें आंखूड निघालें आहे. जागा कमी पडली आणि हातानें ती सावरून घेतली. ‘मेड इन जपान’च्या बशीवरही पांचच गुलाब, परंतु पहिला आणि चौथा हे रेषेला रेषा एक आहेत. भिंगाखालीं तर पाकळीचा रंग बारीक बारीक ठिपक्यांत फुटला, जसें वर्तमानपत्रांतलें चित्र फुटतें. तीं फुलें कागदावर छापून भांड्यावर उतरविलेलीं होतीं. हात लागला होता तो काय तो सोनेरी कांठाला. हातभर अंतरावरून पाहतां दोन्ही बशा जुळ्या बहिणी वाटतात, हें मात्र खरें. ज्यानें ती निवडली त्यानें फार शोधून निवडली असली पाहिजे.

नव्या संग्राहकानें भिंगाखालीं पाहण्याची ही संवय आधीं लावून घ्यावी आणि पाठीवरची मुद्रा नंतर वाचावी. मी हें उलट्या क्रमानें शिकलों. कपबशांच्या नादानें उत्साह आला तेव्हां जुन्या वस्तूंच्या एका दुकानांत राजहंसांची एक फुलदाणी दिसली. पाठीवर हिरवें वर्तुळ, हातानें रंगविल्याची ग्वाही, आणि ‘निप्पोन’. घासाघीस न करतां घेतली. घरीं येऊन मूळ बशीशेजारीं ठेवल्यावर ध्यानांत आलें कीं, वर्तुळांतलें अक्षर ‘एम्’ नाहींच. तें वाळूच्या घड्याळासारखें कांहीं आहे. जुन्या निप्पोनला मागणी वाढल्यावर गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत नवीं भांडीं करून त्यांवर असल्या मुद्रा उठविण्याचा धंदा चालला होता, हें मला नंतर कळलें. पुढच्या नकलांत तर ‘एम्’ही बिनचूक आला. परंतु माझ्या फुलदाणीची माती करडी, वजन अंमळ जड, सोनें नव्या पितळेसारखें झगझगीत, आणि राजहंसांचीं पिसें ठिपक्यांचीं. मुद्रेकडे न पाहतां पिसांकडे पाहिलें असतें तर पैसे वांचले असते. ती फुलदाणी आमच्या घरीं आतां छत्र्या ठेवण्याच्या कोपऱ्यांत असते.

शिवाय ‘हातानें रंगविलेलें’ हे शब्द अस्सल मुद्रेंत असले तरी त्यांचा अर्थ सैल असूं शकतो. बाह्यरेषा छापील आणि आंतला रंग हाताचा, किंवा फुलें छापील आणि सोनें हाताचें, असें मिश्र काम चांगल्या कारखान्यांतही होई. त्याला फसवणूक म्हणतां येत नाहीं; पण किंमत त्या बेतानेंच द्यावी. ज्यांना थोड्या पैशांत संग्रह करावयाचा आहे त्यांनीं पुऱ्या संचाच्या मागें न लागतां सुटी बशी, एकटा पेला, झांकण हरवलेली साखरदाणी यांकडे पाहावें. कुंचला तितकाच अस्सल आणि मोल पुष्कळ कमी. घेतांना भांडें तळहातावर मोकळें धरून नखानें हळूच वाजवावें. नाद स्वच्छ निघाला तर ठीक. बद्द आवाज आला तर डोळ्यांना न दिसणारी चीर कोठें तरी आहे. मग दिव्यासमोर धरावें. चिकटवलेला सांधा उजेडांत लपत नाहीं.

महायुद्धानंतरचीं भांडींही दुर्लक्ष करण्याजोगीं नाहींत. १९५२ पर्यंत जपान परकीय ताब्यांत होतें, आणि त्या वर्षांतल्या कित्येक मालावर ‘ताब्यांतील जपानांत बनलेलें’ असे इंग्रजी शब्द आढळतात. नोरीताकेच्या कारखान्यांत १९४६ च्या सुमारास काम पुन्हा सुरू झालें, तेव्हां चांगला कच्चा माल मिळेना, आणि भांडें पूर्वीच्या तोडीचें उतरेना. त्या कारखान्यानें काय करावें? आपलें प्रसिद्ध नांव त्या भांड्यांवर घातलेंच नाहीं. ‘रोज चायना’ या निराळ्या नांवानें तीं विकलीं. पूर्वीचा दर्जा साधल्यावर मगच जुनें नांव परत आणलें. असल्या एखाद्या ‘रोज चायना’च्या बशीच्या मी शोधांत आहें.

आपल्या घरांत अशीं भांडीं आणावयाचीं म्हणजे एक प्रश्न वडीलधारी मंडळी विचारतातच, आणि तो विचारावयास हवा. यांत हाड आहे काय? ‘बोन चायना’ म्हणून जो प्रकार आहे त्यांत आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडांत जोसाया स्पोड याच्या कारखान्यांत ती कृति स्थिरावली, आणि त्या मातींत निम्म्याच्या आसपास गुरांच्या हाडांची राख असते. निप्पोनच्या काळचें हें जपानी पोर्सेलीन तसलें नव्हे. तें माती व दगड यांचेंच. नोरीताकेनें बोन चायना बाजारांत आणलें तें १९३५ पासून. तेव्हां ज्यांना वर्ज्य आहे त्यांनीं नंतरच्या भांड्यांवर ‘बोन’ हा शब्द आहे कीं काय तेवढें पाहावें. आमच्या आजीला हाडाची वार्ताही नव्हती. तरी तिनें कपबशा सोंवळ्याच्या स्वयंपाकघरांत येऊं दिल्या नाहींत. धातूचें भांडें घासून शुद्ध होतें, मातीचें होत नाहीं, हा तिचा न्याय. त्याच चिनी मातीची लोणच्याची बरणी मात्र तिच्या उजव्या हाताशीं असे, आणि हा विरोध कोणीं दाखविला तर ती ऐकूं न आल्यासारखें करी.

वापरावें कीं कपाटांत मांडावें, यावर प्रत्येक घरांत दोन पक्ष पडतात. माझें मत असें कीं सणावारीं चहा अवश्य प्यावा. परंतु रोजच्या राबत्याला हीं भांडीं लावूं नयेत, आणि त्याचें कारण केवळ नाजूकपणा हें नव्हे. जुन्या काळच्या झिलईवरच्या रंगांत शिशाचा अंश असूं शकतो, आणि आंबट पदार्थ तो ओढून घेतात. म्हणून कढी, ताक, लिंबाचें सरबत, कैरीचें पन्हें यांत ठेवूं नये. मांडून ठेवण्यास हरकत नाहीं, खाऊन राहण्यास आहे. कोमट पाण्यांत साध्या साबणानें, बेसिनमध्यें जाड टॉवेल अंथरून, एकेक भांडें धुवावें. सोन्यावर घासणी फिरवूं नये, आणि मायक्रोवेव्हमध्यें तर सोनेरी कांठाचें भांडें मुळींच घालूं नये, ठिणग्या उडतात. बशा एकावर एक ठेवतांना मध्यें मऊ कापड घालावें. कप कानाला धरून टांगूं नये. तुटलेला तुकडा स्वतः चिकटवूं नये. बाजारी गोंद पिंवळा पडतो, आणि पुढें जाणत्या माणसालाही तो काढतां येत नाहीं. तुकडे कापसांत बांधून जपून ठेवणें हेंच बरें.

इतकें सर्व शिकल्यावरही दुसऱ्या कपबशीचें कोडें सुटेना. तें सोडविण्याजोगें एकच माणूस उरलें होतें. धाकट्या काकांना जाऊन बारा वर्षें झालीं. काकू पंचाऐशीच्या घरांत आहेत. मी दोन्ही कपबशा कापडांत गुंडाळून एका दुपारीं त्यांच्याकडे गेलों. काकूंनीं चष्मा लावला, दोन्ही टेबलावर ठेवल्या, आणि बशी उलटी न करतां, भिंग न मागतां, ‘मेड इन जपान’चीवर बोट ठेवून म्हणाल्या, “ही सासूबाईंची.”

मग समजलें तें असें. आजी नवी सून म्हणून आली त्या वर्षीं, म्हणजे १९३० च्या सुमारास, तिच्या हातून पणजोबांच्या संचांतली एक कपबशी फुटली. तिनें तुकडे पदराखालीं लपविले आणि माहेरीं निरोप धाडला. तिच्या भावानें मुंबईचीं दुकानें पालथीं घालून मिळतीजुळती कपबशी आणून दिली, आणि ती फळीवर गेली. पणजोबांना कधीं कळलें नाहीं, आजोबांनाही नाहीं. पुढें कधीं तरी काकूंच्या हातून दुधाचें भांडें सांडलें व त्या रडूं लागल्या, तेव्हां आजीनें हें गुपित त्यांना सांगितलें. वाटणीच्या दिवशीं ही कपबशी आमच्या वांट्याला गेली हें काकूंनीं पाहिलें होतें, आणि त्या बोलल्या नव्हत्या.

त्यांनीं किटली बाहेर काढली. झांकणाचा टंवका उडाला होता. तोटीवरचे गुलाब मात्र ताजे. पाठीवर हिरवें वर्तुळ होतें. माझ्या मनांत काय आलें तें त्यांना दिसलें असावें.

“किटली मी देणार नाहीं हो,” काकू म्हणाल्या. “तुझे कप इथें ठेवून जा.”

मी ठेवून आलों. काकूंच्या दोन आणि आमच्या दोन अशा चार कपबशा सध्यां किटलीभोंवतीं आहेत. साखरदाणी घेऊन दिवाळींत जावयाचें आहे. मधल्या काकांचा मुलगा नागपुरास असतो. त्याच्याकडच्या दोन्ही कपबशा धड आहेत. दुधाच्या भांड्याचा कान तुटला आहे, तो चिकटवून पाठवूं काय, असें त्यानें विचारलें आहे. चिकटवूं नको, तुकडा कापसांत बांधून भांड्यांतच ठेव, असें मीं उलट टपालीं कळविलें आहे.